वर्धेच्या दोन काठांवरची एक बोली

आर्वीहून पश्चिमेस निघाले की थोड्याच अंतरावर वर्धा नदी आडवी येते. अलीकडच्या तीरावर देऊरवाडा आणि पलीकडे कौंडण्यपूर. कौंडण्यपूर हे रुक्मिणीचे माहेर, अशी फार जुनी श्रद्धा असल्यामुळे तेथे यात्रेकरूंची ये-जा असते. अलीकडचा काठ वर्धा जिल्ह्याचा, पलीकडचा अमरावतीचा. दोन्हीकडे काळी जमीन, दोन्हीकडे कपाशीची वावरे आणि दोन्हीकडे सोयरसंबंध. या काठची लेक त्या काठी सून म्हणून जाते, तेव्हा तिला नवी भाषा शिकावी लागत नाही. आईने दिलेले शब्दच सासूच्या तोंडी असतात. असे असूनही सन १९०५ मध्ये छापलेल्या एका मोठ्या सरकारी ग्रंथात या काठची बोली ‘नागपुरी’ म्हणून आणि त्या काठची ‘वऱ्हाडी’ म्हणून नोंदली गेली.

एकाच बोलीला ही दोन नावे कशी मिळाली, ती कोणी दिली, आणि नावे देण्याच्या व भाषा ‘शुद्ध’ करण्याच्या या व्यवहारात बोलणाऱ्या माणसाचे काय झाले, हे पाहण्याचा या लेखात प्रयत्न केला आहे.

हा विषय मला पुस्तकांनी सुचविला नाही. मी मूळचा वसईकडचा. तरुणपणी आर्वी परिसरातील एका शाळेत काही वर्षे मराठी शिकवीत होतो. पहिल्याच महिन्यात एका मुलाने उभे राहून सांगितले, “सर, मले हे नाई समजलं.” मी तत्परतेने म्हणालो, “मले नव्हे, मला म्हण.” वर्ग हसला. मुलगा खाली बसला. त्याला नेमके काय समजले नव्हते, ते विचारण्याचे माझ्याकडून राहूनच गेले. त्या वर्षभरात त्या मुलाने मला पुन्हा एकही शंका विचारली नाही. आपण भाषेची सेवा केली, असे मला त्या दिवशी वाटले होते. पुष्कळ दिवसांनी आठवले की माझ्या घरी आजी सामवेदी बोलत असे, आणि शाळेत तीच बोली तोंडून निसटली म्हणून मीही एकदा असाच खाली बसलो होतो. वसईतील ज्या वाचकांच्या घरी सामवेदी किंवा वाडवळी बोलली जाते, त्यांना या प्रसंगाचा अर्थ अधिक सांगण्याची गरज नाही.

शंभर वर्षांची सीमा

वर्धा नदी राज्याची सीमा झाली ती १८०३ मध्ये. दुसऱ्या इंग्रज-मराठा युद्धात नागपूरचे दुसरे रघूजी भोसले यांचा २९ नोव्हेंबरला अडगाव येथे पराभव झाला. पाठोपाठ गाविलगड पडला आणि १७ डिसेंबरला देवगावचा तह झाला. तोवर वऱ्हाडात भोसले आणि निजाम असा दुहेरी अंमल चालत असे. या तहाने भोसल्यांनी, गाविलगड-नरनाळ्याकडील थोडा भाग वगळता, वर्धेच्या पश्चिमेचा मुलूख सोडला, आणि इंग्रजांनी तो आपला मित्र हैदराबादचा निजाम याच्या पदरी घातला. नदीच्या पूर्वेस, म्हणजे आर्वीच्या बाजूस, नागपूरकरांचे राज्य राहिले.

पुढे १८५३ मध्ये फौजेच्या खर्चाच्या थकबाकीपोटी निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात दिले. त्याच वर्षाच्या डिसेंबरात तिसरे रघूजी निपुत्रिक वारले आणि १८५४ मध्ये नागपूरचे राज्य खालसा झाले. आता दोन्ही काठांवर इंग्रजच होते. तथापि सीमा पुसली गेली नाही. वऱ्हाड कायद्याने निजामाचेच राहिले आणि त्याचा कारभार हैदराबादच्या रेसिडेंटमार्फत चाले. पूर्वेचा प्रदेश १८६१ मध्ये स्थापन झालेल्या मध्य प्रांतात गेला, आणि १८६२ मध्ये नागपूरपासून वेगळा काढून वर्धा जिल्हा करण्यात आला. शेवटी १९०३ मध्ये वऱ्हाड मध्य प्रांताला जोडले गेले. तेव्हा १८०३ ते १९०३ अशी बरोबर शंभर वर्षे ही नदी दोन कारभारांच्या मध्ये उभी होती. शेतकऱ्यांच्या पंचायती, बाजार आणि लग्ने मात्र तिला ओलांडून चालूच होती.

एकाच गोष्टीला दोन नावे असणे आर्वीला तसे नवे नाही. तेलंगराव नावाच्या पुरुषाने हे गाव वसविले असे सांगतात, आणि गावाला ‘आर्वी तेलंगराव’ असेही म्हणत. तेलंगराव हिंदू की मुसलमान, याविषयी दोन्ही समाज आपापले सांगत आले, आणि त्याच्या समाधीपुढे दोघेही नतमस्तक होत आले. बोलीच्या बाबतीत मात्र हा समजूतदारपणा कागदावर उतरला नाही.

उधळ्या पुत्राचा दाखला

सन १८९४ मध्ये जॉर्ज ग्रिअर्सन या आयरिश अधिकाऱ्याच्या हाताखाली भारतीय भाषांची प्रचंड पाहणी सुरू झाली. ती १९२८ पर्यंत चालली. या पाहणीची रीत आपल्या वाचकांना विशेष जवळची वाटेल. प्रत्येक जिल्ह्यात बोलल्या जाणाऱ्या बोलीचा नमुना हवा, तर सर्वांकडून एकच मजकूर घेतला पाहिजे. त्यासाठी संत लूकच्या शुभवर्तमानातील उधळ्या पुत्राचा दाखला निवडण्यात आला. निवडीचे कारण व्याकरणाचे होते. त्या छोट्या कथेत तिन्ही पुरुषांची सर्वनामे आहेत, बहुतेक विभक्ती आहेत आणि तिन्ही काळ आहेत. कारण काहीही असो, परिणाम मोठा झाला. ज्या बोलींत तोपर्यंत कोणी धर्मग्रंथाची एक ओळ लिहिली नव्हती, त्यांतही बापाने लेकाला जवळ घेतल्याची ही कथा सरकारी खर्चाने लिहिली गेली.

मराठीचा भाग म्हणजे या पाहणीचा सातवा खंड. तो स्टेन कोनो या नॉर्वेजियन पंडिताने सिद्ध केला आणि १९०५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यासाठीची सामग्री गोळा झाली ती वर्धा नदी अजून सीमा होती त्या काळात. माहिती जिल्ह्याजिल्ह्यांच्या अधिकाऱ्यांकडून येत होती, आणि अधिकारी आपल्या प्रांताच्या नावाने बोलीला नाव देत. मध्य प्रांतातून आली ती नागपुरी आणि वऱ्हाडातून आली ती वऱ्हाडी. काही ठिकाणी तर कोष्टी, कुंभारी, गोवारी अशी जातींची नावेच बोली म्हणून कळविण्यात आली.

कोनो हे प्रामाणिक संशोधक होते. त्यांनी नमुने शेजारी शेजारी ठेवले आणि वऱ्हाडी व नागपुरी या जवळजवळ एकच आहेत, असे नमूद केले. जातींच्या नावाच्या बोलीही बहुतांशी शेजाऱ्यांच्याच बोली असल्याचे त्यांना आढळले. परंतु अनुक्रमणिकेत नावे दोन राहिली, आणि पुढच्या अभ्यासकांनी अनुक्रमणिकेचाच आधार घेतला.

याच खंडात कोकणीही मराठीची बोली म्हणून घातली होती, हे येथे सांगावयास हवे. पुढे साहित्य अकादमीने १९७५ मध्ये कोकणीला स्वतंत्र भाषा मानले, १९८७ मध्ये ती गोव्याची राजभाषा झाली आणि १९९२ मध्ये घटनेच्या आठव्या परिशिष्टात आली. बोली कोणती आणि भाषा कोणती, याचा निर्णय केवळ व्याकरणावर होत नाही. बोलणाऱ्या समाजाची इच्छा, त्याची राजकीय ताकद आणि त्याचे छापलेले साहित्य यांवर तो होत असतो.

बोलीचे रूप

आर्वीकडच्या बोलीची काही लक्षणे येथे नोंदवितो. प्रमाण मराठीत ‘मला, तुला, त्याला’ म्हणतात, तेथे या बोलीत ‘मले, तुले, त्याले’. घराला नव्हे, ‘घराले’. ‘ळ’ हा वर्ण सहसा उरत नाही, त्याच्या जागी ‘य’ येतो. म्हणून डोळा हा डोया होतो आणि शाळा ही शाया. ‘ण’ चा ‘न’ होतो, आणि पाणी हे ‘पानी’. शब्दारंभीच्या ‘वि’, ‘वे’ या अक्षरांतील ‘व’ गळतो किंवा ‘य’ होतो, म्हणून विहीर ही ‘इहीर’ आणि वेळ ही ‘येळ’. एखादी क्रिया चालू असल्याचे दाखवावयाचे तर ‘मी जाऊन रायलो’ असे म्हणतात. शेताला ‘वावर’ म्हणतात, कशासाठी याला ‘कायले’ आणि का म्हणून याला ‘काऊन’.

या बोलीलाही पोटभेद आहेतच. पूर्वेकडे भंडारा, गोंदिया, गडचिरोली आणि चंद्रपूरच्या काही भागांत झाडी बोली आहे. तिच्यात ‘ळ’ चा ‘य’ न होता ‘र’ होतो, आणि डोळा हा ‘डोरा’ होतो. डॉ. हरिश्चंद्र बोरकर यांनी या बोलीच्या अभ्यासाला आयुष्य वाहिले. पश्चिमेस बुलढाण्याकडे जाताना बोली खानदेशाच्या वळणावर जाऊ लागते. खुद्द आर्वी, आष्टी, कारंजा या पट्ट्यात पवारांची भोयरी आहे, आणि तिचे नाते माळव्याकडील भाषांशी पोहोचते. शिवाय गोंडांची गोंडी आहे, आणि ती तर द्राविडी कुळातील. हे सर्व लोक एकाच आठवडी बाजारात भेटतात आणि व्यवहार सुरळीत पार पाडतात. बोली कोठे संपते व कोठे सुरू होते, हे दाखविणारा दगड वाटेत कोठेही रोवलेला नाही.

छापखान्याची मराठी

मग ‘मले’ हे अशुद्ध आणि ‘मला’ हे शुद्ध, असे ठरले तरी कधी? याचे उत्तर फार जुने नाही. बंगालमध्ये श्रीरामपूर येथे विल्यम केरी यांनी १८०५ मध्ये मराठीचे व्याकरण छापले आणि १८१० मध्ये कोश. त्यांचे मराठीचे साहाय्यक पंडित वैजनाथ शर्मा हे नागपूरकडचे होते. म्हणजे मुद्रित मराठीच्या पहिल्या पावलांत नागपूरकडच्या पंडिताचा हात होता. पुढे मात्र छपाईचे केंद्र मुंबई-पुण्याकडे गेले. मुंबईच्या अमेरिकन मिशनऱ्यांनी श्रीरामपूरच्या भाषांतरावर न थांबता आपले स्वतःचे भाषांतर केले, आणि त्यांचा नवा करार १८२६ मध्ये निघाला. मोल्सवर्थ यांचा कोश १८३१ मध्ये आला आणि दादोबा पांडुरंग यांचे व्याकरण १८३६ मध्ये. शाळाखाते, पाठ्यपुस्तके व परीक्षा यांनी या पश्चिमेकडच्या शिष्ट मराठीला प्रमाणपद दिले.

हे सारे कोणाच्या दुष्टाव्याने झाले असे नाही. इतक्या विस्तीर्ण प्रदेशात ग्रंथव्यवहाराला एक समान भाषा लागतेच, आणि ती नसती तर आर्वीचे मूल नागपूर, पुणे व मुंबईशी जोडले गेले नसते. प्रमाणभाषेचे उपकार मी नाकारत नाही. माझे पोटच तिच्यावर चालले. अडचण वेगळीच आहे. समान भाषा ही सोय म्हणून आली आणि पाहता पाहता ती माणसाची लायकी मोजण्याचे माप झाली.

फादर थॉमस स्टीफन्स यांना हा भेद फार लवकर उमगला होता, असे वाटते. १५७९ मध्ये गोव्यात आलेल्या या इंग्रज येशूसंघीयाने ‘ख्रिस्तपुराण’ मराठीत रचले आणि ते १६१६ मध्ये छापले गेले. परंतु सामान्य भाविकांना धर्मशिक्षण देण्यासाठी त्यांनी कोकणीत प्रश्नोत्तरी लिहिली. ती त्यांच्या मृत्यूनंतर १६२२ मध्ये निघाली. पुराणातही लोकांना समजावे म्हणून त्यांनी गोव्याच्या बोलीतील सोपे शब्द मिसळले. ग्रंथाची भाषा आणि घरची भाषा या दोहोंना त्यांनी आपापल्या जागी मान दिला.

गोव्याहून मनिकापर्यंत

बोलीला नाव देण्याचा हा खेळ जगात इतरत्रही झाला आहे. त्यातील एक कथा गोव्याशीच जोडलेली असल्यामुळे ती येथे सांगतो.

गोव्याचे येशूसंघीय प्रांताधिपती राहिलेले फादर गोन्सालो दा सिल्वेरा हे आफ्रिकेत मुतापा राजाच्या दरबारी गेले आणि १५६१ मध्ये तेथे त्यांची हत्या झाली. त्याच दक्षिण-पूर्व आफ्रिकेत मनिका नावाचा डोंगराळ, सोन्यासाठी प्रसिद्ध असलेला प्रदेश आहे. एकोणिसाव्या शतकात तेथे पोर्तुगीजांच्या वतीने सत्ता गाजविणारा मानुएल आंतोनियो द सौझा हा गोवेकर होता. १८९० च्या नोव्हेंबरात मुटासा या स्थानिक राजाच्या गावी इंग्रज कंपनीच्या लोकांनी त्याला पकडले, आणि पुढच्याच वर्षी, १८९१ मध्ये, इंग्रज व पोर्तुगीज यांनी तह करून या प्रदेशातून सीमारेषा ओढली. एक भाग आजच्या झिम्बाब्वेत गेला, दुसरा मोझांबिकमध्ये. आपल्या वर्धेप्रमाणे तेथेही सोयरे दोन कारभारांत वाटले गेले.

तेथील लोकांची बोली ती मन्यिका. ती शोना भाषेच्या कुळातील आहे. राजधानी हरारेकडची झेझुरू आणि दक्षिणेची कारांगा या तिच्या बहिणी. फरक आपल्या ‘वेळ’ आणि ‘येळ’ यांच्यासारखाच कानाला जाणवणारा. शोनाच्या प्रमाण रूपात माणसांना ‘वान्हू’ म्हणताना ओठ व दात यांच्यामधून येणारा ‘व’ उच्चारतात. मन्यिकात तोच शब्द दोन्ही ओठ गोल करून उच्चारतात. मन्यिकाच्या आत पुन्हा बोचा, जिंद्वी, हुंग्वे, तेवे, बार्वे असे स्थानिक भेद गणले गेले.

पूर्वी ‘मन्यिका’ हे नाव मुख्यतः मुटासा राजाच्या प्रजेचे होते. शेजारच्या मकोनी मुलखातील लोक स्वतःला मन्यिका म्हणवीत नसत. परंतु सीमेच्या इंग्रज बाजूला तीन मिशने आली. पेन्हालोंगा येथे अँग्लिकन, जुन्या उमताली येथे अमेरिकन मेथडिस्ट, आणि मकोनी मुलखात ट्रायासहिल येथे मरियानहिलचे कॅथलिक मिशनरी. त्यांनी या भागातील बोली लिहून काढली, तिच्यात प्रार्थना व धडे छापले आणि तिला मन्यिका हे नाव दिले. ज्यांनी त्या पुस्तकांतून वाचायला व प्रार्थना करायला शिकले, त्यांनी हळूहळू ते नाव आपले मानले. शहरांत नोकरीस गेलेल्या तरुणांनी तर ते अभिमानाने मिरविले. टेरेन्स रेंजर या इतिहासकाराने १९८९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निबंधात ही सर्व घडण उलगडून दाखविली आहे.

या कथेला आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाचे उत्तरकांडही आहे. १९३० च्या सुमारास ट्रायासहिलचे मिशन येशूसंघीयांच्या हाती आले. त्यांचे काम झेझुरू बोलीत चाले, म्हणून त्यांनी झेझुरूतील प्रार्थनापुस्तके आणली. ट्रायासहिलच्या भाविकांना हे रुचले नाही. ज्या शब्दांत ते एका पिढीपासून देवाशी बोलत होते ते शब्द बदलण्यास ते राजी नव्हते. मिशनरी बदलले तरी आमची प्रार्थना का बदलावी, असा त्यांच्या नाराजीचा सूर होता. याच सुमारास, १९३१ मध्ये, क्लेमेंट डोक या भाषापंडिताने सर्व शोना बोलींची मिळून एक लिखित भाषा करण्याचा अहवाल सरकारला दिला, आणि शाळांतून तीच रूढ झाली. झिम्बाब्वेच्या २०१३ च्या संविधानात १६ भाषांना मान्यता आहे. त्यांत शोना आहे, न्दाऊ आहे, बार्वेही आहे. मन्यिका हे नाव नाही. घरोघरी मात्र ती आजही बोलली जाते.

या कथेतून मी इतकेच घेतो. बोलीचे नाव व तिची सीमा बाहेरचे लोक ठरवू शकतात, आणि ती बदलूही शकतात. परंतु एकदा माणूस ज्या शब्दांत प्रार्थना करू लागतो ते शब्द केवळ साधन राहत नाहीत. ते बदलावयाचे असतील तर त्या माणसाला विचारले पाहिजे.

म्हाताऱ्यांचा कैवार

आमच्या वऱ्हाडात हा विचार सातशे वर्षांपूर्वीच कोणी केला होता. वर्धेपलीकडे अमरावती जिल्ह्यात रिद्धपूर आहे. तेथे तेराव्या शतकात म्हाइंभटांनी चक्रधरस्वामींच्या आठवणी गोळा करून ‘लीळाचरित्र’ सिद्ध केले. मराठी गद्याचा हा आद्य ग्रंथ. डॉ. वि. भि. कोलते यांनी संपादित केलेली त्याची आवृत्ती १९७८ मध्ये निघाली. महानुभावांचे आचार्य नागदेव यांच्याविषयी एक प्रसंग सांगतात. पंथातील विद्वान केशिराज यांना संस्कृतात लिहिण्याची हौस होती. नागदेवांनी त्यांना अडविले. तसे केल्यास आपल्या म्हाताऱ्या बायका या ज्ञानाला मुकतील, हे त्यांचे कारण. विद्वानांची सोय त्यांनी बाजूला ठेवली आणि म्हाताऱ्यांचा कैवार घेतला. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्र सरकारने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला आणि रिद्धपूरला मराठी भाषेचे विद्यापीठही स्थापन झाले आहे. त्या म्हाताऱ्यांचे हे ऋण आपण विसरू नये.

त्याच मातीत १८७६ मध्ये जन्मलेले गाडगेबाबा थेट वऱ्हाडीत कीर्तन करीत. समोरच्या लोकांना प्रश्न विचारीत, त्यांच्याच तोंडून उत्तर काढीत, आणि कर्ज, दारू, अस्वच्छता व देवाच्या नावाने होणारी हिंसा यांवर बोलत. त्यांचे १९५६ मधील वांद्र्याचे कीर्तन ध्वनिमुद्रित झाले आहे. ते ऐकणाऱ्या कोणालाही या बोलीत गंभीर विचार मांडता येत नाही, असे म्हणवणार नाही. विनोबांनी १९३०-३१ मध्ये वर्ध्यास ‘गीताई’ लिहिली, त्यामागेही आईला समजेल अशा मराठीत गीता हवी, ही तिची जुनी इच्छा होती. हिंगणघाटला जन्मलेले उद्धव शेळके यांनी १९६० मध्ये ‘धग’ कादंबरी लिहिली आणि कौतिक या कष्टकरी स्त्रीचे दुःख तिच्याच बोलीत मराठी वाचकांपुढे ठेवले. योगायोग असा की याच वर्धा शहरात १९३६ मध्ये राष्ट्रभाषा प्रचार समिती स्थापन झाली. वर्ध्याने देशाला हिंदी शिकविली आणि वर्ध्याच्या मुलांना आपली बोली लपविण्यास मात्र शाळेने शिकविले.

ख्रिस्तसभेपुरते बोलावयाचे तर दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने ४ डिसेंबर १९६३ च्या घोषणापत्राने उपासनेत लोकभाषेला वाट मोकळी केली. मिस्सा लॅटिनमधून मराठीत आली. तो बदल किती मोठा होता, हे ज्येष्ठ वाचकांना आठवत असेल. परंतु ‘लोकभाषा’ म्हणजे कोणाची भाषा, हा प्रश्न त्यातून उरतोच. विदर्भात १८८७ मध्ये नागपूर धर्मप्रांत झाला, १९५५ मध्ये अमरावती झाला, आणि १९६२ मध्ये केरळातील सिरो-मलबार ख्रिस्तसभेकडे चांद्याचे मिशनक्षेत्र सोपविले गेले. वर्धा जिल्हा आज त्याच चांदा धर्मप्रांतात आहे. तेथे सेवा करणाऱ्या अनेक धर्मगुरूंची व भगिनींची मायबोली मल्याळम. ते परिश्रमाने मराठी शिकतात आणि साहजिकच पुस्तकातील मराठी शिकतात. त्यांच्यापुढे जी वृद्ध बाई येते ती ‘आमाले, तुमाले’ म्हणणारी असते. दोघांनाही वाटते की आपलीच मराठी कच्ची आहे. प्रमाण मराठीचा प्रार्थनाग्रंथ बाजूला सारावा, असे कोणी म्हणणार नाही. सर्वांनी एकत्र म्हणावयाची प्रार्थना एकाच शब्दांत हवी. परंतु आजाऱ्याच्या उशाशी, पापनिवेदनाच्या वेळी, किंवा शोकाच्या घरी त्या बाईला तिच्या शब्दांबद्दल संकोच वाटता कामा नये.

पुन्हा तो दाखला

पाहणीसाठी निवडलेल्या त्या दाखल्याकडे शेवटी वळतो. दूर देशी दैना झालेल्या मुलाने घरी परतण्याआधी बापापुढे बोलावयाचे शब्द मनाशी जुळवून ठेवले होते. मला मुलगा नव्हे, मजूर म्हणून ठेवा, असे तो म्हणणार होता. घरी आल्यावर त्याने बोलण्यास सुरुवात केली, पण ते शेवटचे वाक्य त्याच्या तोंडून निघण्याआधीच बापाने चाकरांना अंगरखा आणावयास सांगितले. परक्या मुलखात इतके दिवस राहून आलेल्या त्या मुलाचे उच्चार बदलले होते की काय, हे शुभवर्तमान सांगत नाही. बापाने त्याचे बोलणे दुरुस्त केले नाही, एवढे मात्र दिसते.

त्या दिवशी वर्गात मला हा दाखला पाठ होता, आणि तरी मी त्या मुलाचे बोलणे आधी दुरुस्त केले. पुढच्या वर्षीपासून मी एक नियम पाळला. मूल ज्या शब्दांत विचारील त्या शब्दांत आधी ऐकावे, उत्तर द्यावे, आणि लिहिताना प्रमाण रूप कोणते ते मग फळ्यावर शेजारी लिहावे. ‘मले’ आणि ‘मला’ एकाच फळ्यावर राहू लागले. मुले दोन्ही शिकली. पहिल्या वर्षीच्या त्या मुलाला मात्र या नियमाचा उपयोग झाला नाही. तो तोवर शाळा सोडून गेला होता.

आता बोलींची नोंद करण्याचे काम नव्याने होत आहे. डॉ. गणेश देवी यांच्या पुढाकाराने झालेल्या लोकसर्वेक्षणाचा महाराष्ट्रावरचा खंड निघाला आहे, आणि राज्य मराठी विकास संस्था व डेक्कन कॉलेज यांनी मराठीच्या बोलींचे नमुने गावोगाव जाऊन ध्वनिमुद्रित केले आहेत. ग्रिअर्सनच्या काळी हे काम अधिकाऱ्यांकडून कागदावर झाले. आता बोलणाऱ्याचा आवाजच जतन होतो. पण विद्वान प्रत्येक घरी पोहोचणार नाहीत. आपल्या धर्मग्रामांतील तरुणांनी, मग ते वसईचे असोत वा वर्ध्याचे, आपल्या आजी-आजोबांजवळ बसून शेतीचे, स्वयंपाकाचे, लग्नातील विधींचे आणि घरगुती प्रार्थनांचे शब्द लिहून घेतले, तर त्याला वहीखेरीज फारसे काही लागणार नाही. लिहिताना एकच पथ्य पाळावे. आजी जसे म्हणेल तसेच लिहावे, आपण सुधारू नये.